सरांच्या जबड्याचं वेळापत्रक

तलावावर पोहायला शिकवण्यात सरांची तीस वर्षं गेली. आवाज असा की तळाशी बुडी मारलेल्यालाही ओरडा ऐकू जावा. कंपवात झाला तेव्हा ते डगमगले नाहीत. हात थरथरतो तर थरथरू दे, म्हणाले. पण वर्षभरात जबडा ठणकायला लागला आणि गळा कुणी आतून आवळावा तसा दुखायला लागला, तेव्हा मात्र त्यांचं तोंडचं पाणी पळालं. शिट्टीही वाजेना.

दातांचंच दुखणं असणार, असं स्वतःच ठरवून ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"हे मागचे दोन काढून टाक," सर खुर्चीत बसता बसता म्हणाले.

बाईंनी दात ठोकून पाहिले, फोटो काढला. "सर, दात ठणठणीत आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? दुखतं ते कधी दुखतं?"

"दुखतं तेव्हा दुखतं!"

"वेळा लिहून ठेवा आणि कंपवाताच्या डॉक्टरांना दाखवा."

सर कसले लिहितायत! बायकोनं लिहिलं. ती घरीच कपडे शिवायची, तिनं मापांच्या वहीत मागच्या पानावर वेळा टिपल्या. आठवड्यात तिच्या ध्यानात आलं.

"अहो, गोळीची वेळ जवळ आली की अर्धा तास आधी तुमचा जबडा सुरू होतो. रोज!"

"म्हणजे तो माझ्यापेक्षा वक्तशीर निघाला."

डॉक्टरांनी वही वाचली आणि मान डोलावली. गोळीचा असर उतरला की स्नायू आवळतात, चेहऱ्याचे आणि गळ्याचेसुद्धा, असं त्यांनी समजावलं. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. ताईंनी रोज मोठ्यानं "आ" म्हणायला सांगितलं. पहिल्याच सकाळी शेजारीण धावत आली.

"वहिनी, भाऊजी पडले का?"

"नाही हो, गळा मोकळा करतायत!"

दुखणं अगदी गेलं नाही, पण दिवसातून चारदा यायचं ते एकदा यायला लागलं, तेही जरा दबकत. महिन्याभरानं सर तलावावर परतले. नवशिक्या बायकांचा वर्ग होता. त्यांचा ताठ चेहरा पाहून एकजण पाण्यातच घाबरली.

"सर, रागावलात का?"

"हसतोय मी! चेहऱ्याला निरोप पोचायला वेळ लागतो."

सगळ्याजणी खिदळल्या. थोड्या वेळानं जबडा आवळायला लागला. पूर्वी सरांनी दातांवर दात दाबून सोसलं असतं. आज ते बाकावर बसले, थर्मासमधल्या गरम पाण्यात रुमाल भिजवून पिळला आणि गालाला लावला.

"दुखतंय, दहा मिनिटं थांबतो," त्यांनी सरळ सांगितलं. "तोवर पाठीवर तरंगा. आणि गप्पा नकोत, पाणी तोंडात जातं!"

आवाज पार पलीकडच्या कठड्यापर्यंत पोचला. बायका निमूट आडव्या झाल्या.