दशांशचिन्ह केवढं काढावं

भूकंपानंतर दोन वर्षं मी औशाजवळ पत्र्याच्या शाळेत गणित शिकवलं. फळा पाटाएवढा, म्हणून अक्षर मुंगीएवढं काढायची सवय लागली. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, फळे भिंतभर झाले, माझं अक्षर मात्र तेवढंच राहिलं.

नात उर्वी आणि तिचा मित्र अनस व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर तयार करत होते. फुकट, कोणीही उघडून दुरुस्त करावं असं. माझे गणिताचे धडे त्यांनी त्यावरच करून बघायला घेतले. अडलं एका ठिकाणी: कोडेक लायब्ररी कुठली घ्यायची? म्हणजे व्हिडिओ आवळून लहान करणारा तयार कोड. उर्वीच्या पसंतीची लायब्ररी चित्र स्वच्छ ठेवी, पण फाईल जड. अनसच्या पसंतीची लायब्ररी फाईल हलकी करी. त्याची मामेबहीण हुस्ना उदगीरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. त्यात गणिताचा पेपर नसतो, पण भौतिक-रसायनातल्या आकडेमोडीत ती अडे, म्हणून तिला माझे धडे हवे होते. परीक्षा तीन आठवड्यांवर, आणि तिच्या जुन्या फोनवर जड फाईल उतरतच नव्हती. म्हणून हलकी पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "बाई, तुमच्या गणितानं औषध दिलं तर पेशंट जागीच खलास."

अडीच मिलीचे पंचवीस झाले होते. उर्वीनं चित्र मोठं करून दाखवलं. लायब्ररीनं माझं दशांशचिन्ह धूळ समजून पुसून टाकलं होतं. उर्वी म्हणाली, लायब्ररी बदलू. अनस म्हणाला, बदलली की हुस्नाचा अभ्यास बंद. मग दोघंही फळ्यावरच्या माझ्या अक्षराकडं बघू लागले. माझ्या अक्षराला आजवर इन्स्पेक्टरनंही नावं ठेवली नव्हती, हे मी त्यांना ऐकवलं.

दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा मी गुपचूप खडू घेतला. तुरीएवढा ठिपका काढला, त्याचा व्हिडिओ घेऊन आवळून बघितला; गेला. हरभऱ्याएवढा काढला, राहिला. जोशात पुढचा धडा शेंगदाण्याएवढ्या ठिपक्यांनी भरला, तर हुस्नानं विचारलं, "बाई, हे दोनशे पाच हाय का?"

शेवटी हलकी लायब्ररी आणि हरभरा, असं ठरलं. उर्वीनं सॉफ्टवेअरच्या माहितीत तसं लिहूनही टाकलं. कुण्या परदेशी माणसानं हरभरा किती मिलिमीटरचा असतो ते विचारलं. अनस हरभऱ्याचा डबा आणि पट्टी घेऊन बसला.

रविवारी हुस्नानं चाळीस गणितं सोडवून पाठवली. अडतीस बरोबर. उरलेल्या दोनमध्ये ठिपका जागच्या जागी होता, हे मी अनसला दोनदा दाखवलं.