रूथ म्हणजे सोबतीण

"ख्रिश्चन का तुम्ही?" हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलेय. नाही हो, बौद्ध. मग नाव रूथ कसं? रेशनवाला विचारतो, मतदारयादीवाला विचारतो, आणि उत्तर ऐकायला मात्र कोणी थांबत नाही.

उत्तर साधं आहे. माझ्या वेळी आईचं बाळंतपण अडलं, तेव्हा खोपोलीच्या एका नर्सबाईंनी तिला वाचवलं. त्यांचं नाव रूथ. माझ्या वडिलांनी, दादांनी, तेच मला ठेवलं. बायबलातल्या रूथची गोष्टही त्यांनी बाईंकडून ऐकली होती. नवरा मेला तरी ती सासूला सोडून माहेरी गेली नाही. रूथ म्हणजे सोबतीण.

लग्न होऊन कर्जतजवळच्या या गावात आले, तेव्हा दादांनी ही गोष्ट माझ्या सासूबाईंना, येसूबाईंना, कौतुकानं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि फर्मावलं, "आमी छाया म्हणणार." त्या छायेला मी एकदाही ओ दिली नाही. शेवटी त्यांनी नावानं हाक मारणंच सोडलं. पस्तीस वर्षं 'अगं ए'वर भागलं.

आता माझ्या कपिलचं लग्न. शेलूहून तो पत्रिकेचा नमुना घेऊन आला. आईच्या जागी काय? श्रीमती छाया!

माझं डोकंच फिरलं. "ही कोण बया? हिनं जन्म दिला का तुला?"

"आई, मुलीकडचे सतरा प्रश्न विचारतात गं. पत्रिकेपुरतंच तर आहे."

"तुझा बाप गेला तेव्हा तू दहा महिन्यांचा होतास. तेव्हा छाया होती का रं घरात?"

माझा घसा बसायची वेळ आली आणि चिरंजीव मोबाइल बघतायत!

पलंगावर येसूबाई. नव्वदीच्या, डोळ्यांनी अधू. आता यांचंच खरं होणार, म्हणून मी आणखी चिडले.

"काय लिवलंय रं? वाच."

कपिलनं वाचून दाखवलं.

"छाया कोण?"

"आजी, तूच ठेवलेलं ना आईचं नाव!"

"ठेवलं व्हतं. छाया असती तर गेली असती माहेराला. तुझा बाप मेला तवा मीच म्हटलं व्हतं, जा बाय, तरणी हायस. ही रूथ हाय. गेली नाय." मग त्यांनी माझ्या दिशेनं हातानं चाचपडलं. "रूथ, पाणी दे गं."

पस्तीस वर्षांनी या घरात मी पहिल्यांदा नावाला ओ दिली.