संडासातला राखेचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे. माझ्यातलं तेल संपल्यावर एका गवंड्याने माझं झाकण कापलं, कडी लावली आणि चुलीतली राख भरून मला परसातल्या संडासात ठेवलं. नाकं मुरडू नका! माझं काम मोठं होतं. तिथे दोन खड्डे होते. जाणाऱ्याने प्रत्येक वेळी वर वाटीभर राख टाकायची. एक खड्डा भरला की झाकून वर्षाहून अधिक मुरू द्यायचा, तोवर दुसरा वापरायचा. मुरलेल्याचं होतं सोनखत.

गवंड्याच्या बायकोचा सारा जीव त्या खतात अडकला होता. परसातल्या मुरमाड जमिनीत तिचं एकही रोप तग धरत नव्हतं. नणंद चिडवायची, "वहिनी, आता दगडच पेर! आणि तसल्या खतावरचा भोपळा मी तोंडात घालायची नाही हं!"

अखेर पहिला खड्डा उघडला. ठण्ण! फावडं उडालं. खाली दगडासारखा थर.

"गेलं हो माझं खत!" बायको मटकन बसली.

गवंड्याने माझ्या तळाला चिकटलेला घट्ट, करडा थर खरवडून बघितला आणि कपाळावर हात मारला. "अगं, खड्डा झाकायच्या आधी राख संपली होती. मी घाईत फुटक्या पोत्यातलं भरलं. ते सिमेंट होतं!"

"म्हणजे आपण रोज सकाळी..."

"बांधकाम करत होतो!"

रडता रडता तिला हसू फुटलं. गवंड्याने छिन्नी-हातोड्याने थर अलगद सोडवला. खाली काळंभोर, भुसभुशीत खत! वास फक्त ओल्या मातीचा. त्या वर्षी भोपळ्याचे वेल कुंपण ओलांडून गेले. तो थर धुऊन, उन्हात तापवून गवंड्याने वाफ्याशेजारी बसायला मांडला.

नणंद आली. भोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि बाहेर येऊन ऐसपैस बसली. "दादा, काय गार फरशी आहे रे! कुठून आणलीस?"

"घरचीच आहे," वहिनी म्हणाली, आणि तिने सगळं सांगून टाकलं.

नणंद टुणकन उठली. भोपळ्यांकडे बघितलं. मग हळूच परत बसली. "बरं, मोठा भोपळा बांधून दे मला."

आता मी गंजलोय, त्याच फरशीशी टेकून असतो. मित्रांनो, मातीने दिलेलं मातीला परत द्या, पण नीट मुरू द्या. आणि डब्यात काय भरताय, ते एकदा डोळे उघडून बघा!