घर नंबर सात

“गाव?” तेन्चाबाईंनी विचारलं.

समोर एक बाई. कडेवर तान्हं, झग्याला धरून उभा असलेला चार वर्षांचा पोरगा.

“अगं, गाव सांग. कार्डावर लिहायचंय.”

“वरचं.”

“वर तर देवही राहतो.”

“त्याच्या जरा खाली. एल ओकोटाल.”

रांगेतल्या बायका हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे. तेन्चाबाईही हसल्या आणि कार्डावर लिहिलं, एल ओकोटाल. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. आमच्या सान रोकेच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं नर्स होत्या, तरी एखादा रकाना रिकामा दिसला तर त्यांना जेवण जात नसे.

मी मोंचो, खेचरवाला. लसीची पेटी आणि बर्फ माझ्या खेचरावरून वर आला होता. खेचराचं नाव सरपंचीण, कारण ती काम थोडं करायची आणि डोळे फार वटारायची.

युद्धाचं पाचवं वर्ष होतं. बिशपसाहेबांनी दोन्ही बाजूंच्या हातापाया पडून तीन रविवार मागून घेतले होते, महिन्याला एक. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत कुणी गोळी झाडायची नाही आणि आम्ही पोरांना लस द्यायची. तीन रविवार, तीन डोस. मधले दिवस नेहमीसारखेच. आदल्याच आठवड्यात फौजेच्या विमानांनी ओकोटालची शाळा उडवली होती. भिंतीखालून काढलेल्या मास्तरीणबाईंना कमरेखाली काही उरलं नव्हतं. डोंगरातली पोरंही काही कमी नव्हती. बंडखोरांना आम्ही नुसतं पोरं म्हणायचो. त्यांनी सान रोकेच्या न्हाव्याचा गळा त्याच्याच वस्तऱ्यानं चिरला, का तर तो फौजेच्या दाढ्या करतो. मला विचाराल तर दोघांच्याही तोंडात माती पडो. पण तेव्हा कुणी विचारत नव्हतं आणि मीही बोलत नव्हतो.

त्या रविवारी मात्र डोंगर इतका शांत होता की मका वाटायच्या पाट्यांचा आवाज पलीकडच्या वस्तीवरून ऐकू यायचा.

“तीनच डोस का हो बाई?” ओकोटालच्या त्या बाईनं विचारलं. तिचं नाव क्लेलिया. “दहा डोसांची लस नसते का कुठली?”

“एवढी सुया टोचून घ्यायची हौस?”

“सुयांची कुठली. रविवारांची.”

तेन्चाबाईंनी दोन्ही पोरांच्या कार्डांवर शिक्का मारला. “जीव गेला तरी हरवू नको. कुणी अडवलं तर दाखव. सरकारी कागद आहे.”

क्लेलियानं कार्डं पोलक्यात ठेवली.

बारा दिवसांनी ती पोरांना सासूकडे ठेवून मीठ आणायला बसनं निघाली. पुलावर फौजेनं बस अडवली. कंडक्टर सांगत होता, तिला कुणी काही विचारायच्या आतच तिनं कार्डं काढून पुढे केली. शिक्का होता ना त्यांच्यावर! फौजेच्या कागदोपत्री ओकोटाल कधीच रिकामं झालं होतं. तिथे जो राहतो तो बंडखोर. जवानानं गावाचं नाव दोनदा वाचलं आणि तिला केसांना धरून खाली ओढलं. बस पुढे निघाली. कंडक्टरनं मागे पाहिलं नाही आणि बसमधल्या कुणीही पाहिलं नाही.

तीन दिवसांनी पुलाखालून तिला आणायला मला बोलावलं. आणली सरपंचिणीवर आडवी घालून. चेहऱ्याची एक बाजू दगडानं ठेचलेली होती, हात पाठीशी तारेनं बांधलेले. तार काढायला मला पक्कड लागली. दवाखान्याच्या ओसरीवर तेन्चाबाईंनी तिचं तोंड पुसायला घेतलं, तर आत काहीतरी कोंबलेलं होतं. बाईंनी ते बोटांनी बाहेर काढलं आणि गुडघ्यावर ठेवून उलगडलं. कार्ड होतं. रक्तानं सगळं भिजलं होतं, पण गाव अजून वाचता येत होतं.

“मोंचो, हे मी लिहिलंय.”

“बाई, दगड तुम्ही मारला नाही.”

“पत्ता कुणी दिला?”

मी पाणी बदलून आणलं.

दुसऱ्या रविवारी कुणी फिरकणार नाही असं मला वाटलं होतं. तरी बायका आल्या. मागच्या वेळी साठ पोरं होती, यावेळी एक्केचाळीस. कुणी हसत नव्हतं. रांगेत सगळ्यांत पुढे क्लेलियाची सासू, पास्क्वाला म्हातारी, दोन्ही नातवंडं घेऊन.

“तू लिहिलंस ना?” म्हातारीनं विचारलं.

“हो. मी लिहिलं. जपून ठेव, दाखव, हेही मीच सांगितलं.”

म्हातारीनं तेन्चाबाईंच्या फाडकन थोबाडीत मारली. तान्हं दचकून रडायला लागलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग म्हातारी समोरच्या ओंडक्यावर बसली, तान्ह्याचा पाय उघडा करून मांडीवर घट्ट धरला आणि म्हणाली, “दे आता.”

बाईंनी सुई दिली. सगळ्यांचे डोस झाल्यावर त्यांनी जुनी कार्डं परत मागितली आणि एकूणएक चुलीत घातली. मग पेटीच्या झाकणावर नवी कार्डं ठेवून लिहायला बसल्या. मी मागून डोकावलो. सान रोके, पेरूची गल्ली, घर नंबर सात.

“हे तर तुमचं घर!”

“मग दुसऱ्याचं लिहू? न विचारता?”

“बाई, एक खोली आहे तुमची.”

“एकटीच तर राहते. जागा आहे.”

एक्केचाळीस वेळा त्यांनी तेच लिहिलं, तितक्याच सुंदर अक्षरात. इथेच चुकलं. जन्मात खोटं न बोललेली बाई. थापा मारायच्या तर त्या निरनिराळ्या माराव्यात, हे माझ्यासारख्या लबाडाला कळायला हवं होतं. आपला पत्ता नाही ना लिहिला, एवढ्यावरच मी खूश होतो.

त्या महिन्यात कार्डं चालली. पुलावर बायका कार्ड दाखवायच्या, जवान ‘सान रोके’ वाचून सोडून द्यायचे. मग एका बाजाराच्या दिवशी एकाच बसमध्ये पाच बायका निघाल्या, पाचही घर नंबर सातच्या. पुलावरच्या सार्जंटनं त्यांना जाऊ दिलं, पण कार्डं ठेवून घेतली.

तिसऱ्या रविवारी सगळं सुरळीत झालं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरांना तिसरा डोस मिळाला. पास्क्वालानं आम्हाला घेवडा घालून मक्याच्या भाकरी दिल्या. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, पण भाकरी गरम होत्या. उतरताना तेन्चाबाई चक्क गुणगुणत होत्या.

खिंडीत तोच सार्जंट जवान घेऊन वाट पाहत होता. पंचविशीतला, नीटनेटका. त्यानं पाच कार्डं पत्त्यांसारखी पसरून धरली.

“घर नंबर सात. एका खोलीत किती पोरं आहेत, बाई?”

“एक्केचाळीस.”

“सगळी तुझी?”

“माझ्याकडेच असतात.”

“आणि नवरे किती केलेस?” जवान खिदळले.

“एकच होता. तोही तुझ्यासारखा फार प्रश्न विचारायचा.”

मी मनात म्हटलं, मेलो. पण सार्जंटही हसला. त्यानं घड्याळात पाहिलं. साडेचार झाले होते.

“वरची पोरं कुठल्या कुठल्या वस्तीची, तेवढं नावानिशी लिहून दे आणि जा. अक्षर छान आहे तुझं.”

“लिहिलंय की. पत्ता खाली दिलाय.”

“ठीक आहे. आज रविवार. आज मी कुणाला हात लावणार नाही, वरून हुकूम आहे. बसा. कॉफी घ्या. सहा वाजता रविवार संपतो.”

आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. खरंच कॉफी दिली त्यानं, गूळ घातलेली. मी कप तसाच खाली ठेवला. तेन्चाबाई शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. गोळ्यांचा आवाज नव्हता, झाडावर पोपट कलकलत होते.

“बाई, लिहा ना काहीतरी,” मी कुजबुजलो. “खोटीनाटी गावं लिहा. सुटू तरी.”

“कुठलंही गाव लिहिलं तरी तिथे कुणीतरी राहत असतंच, मोंचो.”

साडेपाचला सार्जंट माझ्यापाशी आला. “खेचरवाल्या, तू चालता हो. तुझं अक्षर आम्हाला नको.”

मी तेन्चाबाईंकडे पाहिलं. म्हणायला हवं होतं, मी नाही जात. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य मला रोज सुचतं. तेव्हा फक्त लगाम हातात घेतला.

“पेटी धुऊन उघडी ठेव,” बाई म्हणाल्या. “बंद ठेवलीस तर वास मारेल.”

मी उतरत राहिलो. सान रोकेच्या वेशीपाशी चर्चची सहाची घंटा झाली. सरपंचीण थांबली, मी तिला चाबूक मारला. तिला मी त्याआधी कधी मारलं नव्हतं.

तेन्चाबाई मंगळवारी चुन्याच्या भट्टीपाशी सापडल्या. उजव्या हाताला बोटं नव्हती. गोळी मानेत, मागून. मीच आणलं त्यांना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी दारं लावून घेतली होती. पेरूच्या गल्लीत मी घर नंबर सात उघडलं. एक खाट, एक खुर्ची, आणि भिंतीला लावून सुतळीनं बांधलेल्या चटयांची चवड. नव्या कोऱ्या. कुणी तपासायला आलंच, तर दाखवायला. मी मोजल्या नाहीत. तिथेच खाली बसलो आणि माणसासारखा नाही, गुरासारखा ओरडून रडलो.

पुढच्या वर्षी बिशपसाहेबांनी दुसऱ्या एका लसीसाठी पुन्हा तीन रविवार मिळवले. नवी नर्स आली, राजधानीची, तरुण, आदेलिना नावाची. सरपंचिणीला पाहून घाबरली. निघायच्या आदल्या दिवशी पाववाली बाई दवाखान्यात आली, इकडेतिकडे बघत. मग चर्चचा झाडूवाला. मग न्हाव्याची विधवा, जिच्या नवऱ्याला डोंगरातल्या पोरांनी मारलं होतं, ती. प्रत्येकानं आपला पत्ता चिठ्ठीवर आणला होता आणि प्रत्येक जण म्हणत होता, पाच-सहाच्या वर लिहू नका, संशय येतो. आदेलिनाला काही कळेना. मी तिला सगळं समजावलं, आणि मी जे केलं तेही सांगितलं.

रविवारी वर रांग लागली. पास्क्वाला पुन्हा पुढे होती, दोन्ही नातवंडं घेऊन. लहान्याला आता चालता येत होतं.

“गाव?” आदेलिनानं विचारलं.

म्हातारीनं ओठ मिटून घेतले. आदेलिना माझ्याकडे वळली. भीती म्हणाल तर ती आजही गेलेली नाही.

“सान रोके,” मी म्हटलं. “नदीकडचा रस्ता, घर नंबर दोन. दोघंही माझ्याकडेच असतात.”

पास्क्वालानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पोरांना जेवायला काय घालतोस रे?”

“घेवडा.”

“मीठ घालत जा त्यात,” ती म्हणाली आणि नातवाला मांडीवर घेऊन बसली.

आदेलिना कार्डावर वाकून लिहू लागली. तिचं अक्षर फारच गिचमिड होतं.