चिखलात रुतलेली होडी

"आत्याआजी, ओहोटीला होड्या चिखलात रुतलेल्या असतात ना? मग पणजोबांनी त्या खलाशाला खाडीपलीकडे मढला नेलं कसं?"

कल्पिताने एका दमात विचारून टाकलं आणि मागे वळून बघितलं. दाराबाहेर मानसी आणि सुलक्षणा तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच.

त्याचं असं झालं. उद्या पंधरा ऑगस्ट. झेंडावंदनानंतर कोळीवाड्याच्या मधल्या गल्लीला पणजोबांचं, धर्मा कोळ्यांचं, नाव देणार होते. पाटीचा पडदा ओढायचा मान कल्पिताचा आणि भाषणही तिचंच. मागच्या वर्षी स्टेजवर हिचे पाय लटलट कापत होते. यंदा आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आल्यापासून बाईसाहेब आरशासमोरही "उपस्थित मान्यवरहो" म्हणत फिरत होत्या. दुपारी तिने मैत्रिणींना भाषण म्हणून दाखवलं. सेहेचाळीस साली आरमाराच्या खलाशांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर एक खलाशी पळत कोळीवाड्यात आला. भर ओहोटीला धर्मा कोळ्याने त्याला होडीतून पलीकडे पोचवलं, कारण ओहोटीला गोऱ्यांची लाँच खाडीत शिरू शकत नव्हती!

"आणि तुमची होडी शिरली?" मानसी खो-खो हसत सुटली. तिचे बाबा अजून मासेमारीला जातात. "डोक्यावर घेऊन गेला का गं तुझा पणजोबा?"

सुलक्षणाने काडी लावली, "पैज! होडी हललीच नसणार. हिंमत असेल तर आत्याआजीला विचार. ती होती ना तेव्हा."

आणि कल्पिताला हल्ली हिंमत नाही असं कुणी म्हटलेलं चालत नसे.

आत्याआजी म्हणजे मंजुळा, धर्मा कोळ्यांची धाकटी लेक, बाबांची आत्या. नव्वदीला टेकली होती, पण हात थांबत नसत. सुक्या बोंबलांची डोकी मोडून ती टोपलीत टाकत होती. प्रश्न ऐकला आणि हातातला बोंबील हातातच राहिला.

"त्या दोघींना घरी धाड," ती म्हणाली. "आणि दार लोट."

कल्पिताचं हसू तिथेच विरलं. तिने दार लोटलं.

"होडी नाही गेली," आत्याआजी म्हणाली. "जाणार कुठे? पाणीच नव्हतं. बाबाने त्याला होडीत निजवला, वर जाळी टाकली. भरती लागली की निघू, म्हणाला. चार तास काढायचे होते. माझ्या हाती भाकरी-सुकट धाडली. त्याने खाल्ली. म्हणाला, माझं नाव दशरथ, देवगडचा. ध्यानात ठेव हां बाय."

"मग?"

"मग सोल्जर आले. घरांची दारं पटापट बंद. मी बाहेरच. नऊ वर्षांची होते गो. संगती एक पोलीस होता, आपलाच, मराठी बोलणारा. माझ्यापुढे उकिडवा बसला. शिमगा जवळ आलेला, सगळ्या होड्या रंगवून उभ्या. तो म्हणतो, बाय, सगळ्यांत झकपक होडी कोणाची गो?"

दर शिमग्याला कल्पिता स्वतः हेच करत आली होती. पाहुण्यांचा हात धरून किनाऱ्यावर न्यायचं आणि बोट दाखवायचं: ती बघा, निळी-पिवळी, आमची!

"मी आपली दाखवली," आत्याआजी म्हणाली. "हे बोट. धर्माची पोर मी हे त्याला ठाऊक होतं, होडी कुठली तेवढं हवं होतं. तो माझ्याकडे बघून हसला, आणि सरळ होडीकडे गेला. दशरथ उडी टाकून पळाला. पण चिखल. गुडघ्यापर्यंत रुतला. केसांना धरून ओढला त्याला. पुढे त्याचं काय केलं, देव जाणे."

"आणि पणजोबा?"

"बाबालाही नेला. चार दिवसांनी सोडला, पाठ सोलवटलेली. घरात शिरताना लोकांना म्हणाला, त्या खलाशाला पलीकडे सोडला मी, म्हणून मार खाल्ला. ज्यांनी दाराच्या फटीतून बघितलं होतं ते गप्प राहिले. पोरीच्या नावाला बट्टा नको म्हणून. आता तेही कोणी उरले नाहीत."

कल्पिताला दर पंधरा ऑगस्टची सकाळ आठवली. सगळं घर झेंडावंदनाला, आणि आत्याआजी मात्र म्हणायची, पाय दुखतात, तुम्ही जा. ह्याच पायांनी ती रोज बाजार गाठायची.

"तू मुद्दाम नाही केलंस ना," ती कशीबशी म्हणाली. वक्तृत्वात पहिली आलेल्या मुलीला एवढंच सुचलं.

"ते त्याला जाऊन सांग." आत्याआजीने पुन्हा बोंबील उचलला. "माझं माझ्याबरोबर जाऊ दे, कळलं? तुझ्या बापाला, हर्षदला, बोलू नको, तो पाटीसाठी तीन वर्षं वॉर्ड ऑफिसात खेटे घालतोय. पण त्या पोराचं नाव ऐंशी वर्षांत कोणी घेतलं नाही गो. मी एकटीच घेते, तेही मनात."

बाहेर कोपऱ्यावर दोघी थांबल्याच होत्या. "काय म्हणाली?"

"पैज तुम्ही जिंकलात," कल्पिता म्हणाली आणि न थांबता पुढे गेली. मानसी मागून ओरडली, "ए यार, चिडलीस का?" पण तिने वळून पाहिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली होती. वर भगवा पडदा, दोरी बांधून तयार. पडदा वाऱ्याने हलला की खालची "धर्मा" ही अक्षरं डोकावत. खोटं बोलणारा माणूस. पाठ सोलून घेऊन खोटं बोलणारा. रागवावं की पाया पडावं, तिला ठरवता येईना. खरं सांगितलं तर आत्याआजी मरते. जुनंच सांगितलं तर दशरथ पुन्हा एकदा चिखलात राहतो.

घरी बाबा झेंड्याच्या दोरीला गाठी मारत होते. आई तिच्या साडीला इस्त्री करत होती. उद्या कल्पिता पहिल्यांदा साडी नेसणार होती.

"आली का आमची वक्त्री!" बाबा म्हणाले. "चल, एकदा म्हणून दाखव. ते ओहोटीचं जरा जोरात घे हां, टाळ्या तिथेच पडतात."

कल्पिता दोघांसमोर येऊन उभी राहिली. "उपस्थित मान्यवरहो" मात्र तिने म्हटलं नाही.

"बाबा, आई, ऐका. उद्या मी भाषण करणार, पण ओहोटीची गोष्ट सांगणार नाही. देवगडचा दशरथ नावाचा खलाशी आपल्या खाडीच्या चिखलात पकडला गेला, आणि आपण त्याला विसरलो, एवढंच बोलणार. पडदा दुसऱ्या कुणाला ओढायला सांगा. आणि हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका, कारण मारलंत तरी मी सांगणार नाही."