सब ठीक, मॅडम

श्रावण तायडे यांच्या स्कूटरची चावी पोळ्यापासून पत्नी मैनाबाईंच्या पदराच्या गाठीत होती. तेल्हाऱ्याच्या वळणावर, समोर ना गाय ना ट्रक, श्रावणराव स्कूटरसकट नालीत उतरले होते. मागे नात प्रतीक्षा होती. तिला थोडं खरचटलं. आजोबांची अब्रू मात्र चांगलीच सोलून निघाली. "नाली पुढं सरकली," एवढाच त्यांचा खुलासा.

म्हणून अमरावतीचे संशोधक अकोल्यात माजी सैनिकांची डोकी तपासणार, हे कळताच श्रावणराव इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले. त्यांची नोकरी तोफखान्यातली, आणि तोफेशेजारी उभं राहून मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांचाच हा अभ्यास होता. श्रावणरावांना अभ्यासाशी कर्तव्य नव्हतं. डॉक्टरनं 'ठीक' म्हणायचं, मैनानं गाठ सोडायची, असा बेत.

"डोकं दुखतं?" डॉ. प्रियदर्शनी इंगोले यांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"चक्कर? विसर पडतो?"

"सब ठीक, मॅडम."

फौजेत विचारपूस करणाऱ्याला हेच सांगायचं असतं, पाय मोडलेला असला तरी. सकाळपासून प्रत्येकानं हेच सांगितलं होतं. दुपारपर्यंत असं सिद्ध होत आलं की तोफेचा आवाज प्रकृतीला मानवतो.

डॉक्टरबाईंचे वडीलही फौजीच, त्यामुळे हे उत्तर त्यांच्या ओळखीचं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ओळखीच्यांच्या जोड्या लावल्या. "आता स्वतःबद्दल बोलायचं नाही. जोडीदाराला काय होतं, ते सांगा."

श्रावणरावांचा जोडीदार मुनव्वर खान, एकाच तोफेवरचा. स्वतःची तक्रार करणं फौजीला लाजिरवाणं. जोडीदाराची खबर देणं मात्र कर्तव्य.

"मॅडम, हा खाटेवरून उठला का भिंत धरते," मुनव्वर म्हणाला. "परवा माझ्याच गल्लीत उभा राहून मले फोन करते, तू राहते कुठं."

"काहून सांगून राहिला बे?"

"तू पडला तर पोरगी बी पडते."

श्रावणरावांनी तिथल्या तिथे हिशेब चुकता केला. "मॅडम, हा फटाका वाजला का खाटेखाली जाते. भाभीले सांगते, चप्पल शोधून राहिलो."

हॉलभर चुगल्यांना ऊत आला. लिहून लिहून बाईंच्या बोटांना रग लागली.

"म्हणजे चावी गेली," श्रावणराव हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळून, "मॅडम, मले वाटलं, मी येडा होऊन राहिलो."

"नाही, काका. ही इजा आहे. व्यायामानं तोल पुष्कळदा सुधारतो. तोवर स्कूटर नको, मग पुन्हा तपासू."

त्यानंतर मुनव्वर बाजाराच्या दिवशी तेल्हाऱ्याला येऊ लागला. अंगणात खडूची रेघ ओढून दोघं तिच्यावरून चालायचे, एका पायावर उभे राहायचे, एकमेकांना धरून. म्हातारे नाच शिकून राहिले, असं शेजाऱ्यांचं मत पडलं.

उन्हाळ्यात पुन्हा तपासणी झाली. बाई म्हणाल्या, जवळपास, सावकाश, चालेल. मैनाबाईंनी गाठ सोडली.

"हेल्मेट घाला. अन् आज प्रतीक्षा नाही, मागं मी बसीन."

वळण आलं. मागून आवाज आला, "अवो, नाली जाग्यावर हाय ना?"

"जाग्यावरच हाय," श्रावणराव म्हणाले, आणि त्यांनी स्कूटर सावकाश वळवली.