तलवारींची सत्ती

पत्त्याचा वरचा कोपरा दुमडलेला होता, तिथली चकाकी जाऊन आतला करडा कागद दिसत होता, आणि तिचं बोट मघापासून त्यावरच घुटमळत होतं... तलवारींची सत्ती. एक माणूस दोन तलवारी मागे सोडून, पाच कवटाळून चवड्यांवर निघालाय, मागे वळून बघतोय, आणि निर्लज्ज चक्क हसतोय.

"बोल की गं, ताई. काय आलंय?" समोर बसलेली धाकटी बहीण म्हणाली.

चष्म्याच्या दुकानामागची ही खोली. भिंतीपलीकडे कुणीतरी एक डोळा झाकून अक्षरं वाचत होतं, चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून वाचत होतं. दहा वर्षं ती इथं बसून लोकांना टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगत आली, आणि दहा वर्षं तिकडे कुणी ना कुणी चुकतच आलंय.

"विश्वासघात," ती गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या आवाजात म्हणाली. शेजारी तलवारींची तिर्री होती – लाल काळजात आरपार तीन पाती – ती तर लहान पोरही वाचेल. "जवळच्या माणसानं केलेला."

"ते मला कळतंय गं. कुणी केला, ते सांग."

धाकटीनं दुसऱ्या गावात नोकरी मिळवली होती. मुलीला घेऊन गुपचूप निघायचं, नवऱ्याचा तोंडाळपणा आणि उठता-बसता उगारलेला हात, सगळं मागे टाकायचं. हे फक्त दोघींना माहीत होतं – ताईला, आणि धाकटीच्या लॅबमधल्या मैत्रिणीला, जिला सगळे चिमणी म्हणतात आणि जिच्या मावशीकडे राहायची सोय झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं मुलीला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. आज नववा दिवस. मावशीनं खोली अजून राखून ठेवलीय, म्हणजे वाट अजून पुरती बंद झालेली नाही...

मी सांगितलं तिच्या नवऱ्याला. फोन करून. अगदी शांतपणे, एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तसं.

समोर नसलेल्या माणसासाठी पान काढायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. तिनं काढलं होतं. धाकटीचं जाणं कसं होईल? पहिल्यांदा सूर्य आला. तिनं पत्ते पुन्हा पिसले. दुसऱ्यांदा रथ आला, म्हणजे खुशाल जा. पुन्हा पिसले, पुन्हा काहीतरी बरंच आलं – आणि चौथ्यांदा, अखेर, वीज पडून कोसळणारा मनोरा. बघ, म्हटलं होतंच मी, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली आणि फोन उचलला. पोरीच्या जिवाची काळजी! कसली काळजी नि कसलं काय... ती गेली असती तर रविवारी माझ्या दाराची बेल कुणी वाजवली असती?

हे आठवून काहीतरी व्हायला हवं होतं, छातीत, घशात, कुठंतरी. काही झालं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं सगळं.

तिसरं पान उलटलं. पेल्यांची राणी. पाण्याकाठी बसलेली, झाकणाचा पेला हातात धरलेली बाई.

नाव आपण कधी घ्यायचं नाही. गप्प बसायचं. समोरचा माणूस स्वतःच नाव घेतो, आणि जन्मभर सांगत फिरतो की पत्त्यांनी अचूक सांगितलं. ती गप्प बसली.

"बाई आहे," धाकटी पुटपुटली. "झाकून ठेवणारी... ताई, चिमणी?"

आता. आता बोल. तोंड उघडलं होतं की नव्हतं, कोण जाणे. पलीकडचा माणूस शेवटच्या ओळीला पोचला होता.

धाकटीनं फोन लावला. पलीकडून चिमणीचा आनंदी, घाईतला आवाज आला, "अगं, बरं झालं केलास, मावशी म्हणतेय–"

"मावशीला सांग, खोली दुसऱ्या कुणाला दे. आणि पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

फोन ठेवून धाकटी उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि ताईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "तू तरी आहेस गं," ती म्हणाली.

ताईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. हात नीट फिरत होता. नऊ दिवस ती पकडली जाण्याची भीती उराशी घेऊन वावरत होती, जेवताना, आंघोळ करताना, गिऱ्हाइकांपुढे – आणि आत्ता, धाकटीचं ओलं तोंड मानेला लागलेलं असताना, ती भीती कुठंच सापडेना. तिच्या जागी दुसरीच एक भीती येऊन बसली होती, फार मोठी आणि अगदी थंड. आता मला कुणीच कधी पकडणार नाही.